सूट आणि सुनावणी

पालघर-बोईसर भागातल्या काही माजी सैनिकांनी दोन वर्षांपूर्वी एक बैठक बोलाविली होती. मी सैनिक नव्हे, शाळामास्तर. तेही आता निवृत्त. परंतु माझे चुलते – आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू – महार रेजिमेंटमध्ये होते, १९७१ च्या लढाईत होते. त्यांना एकट्याने प्रवास झेपत नव्हता म्हणून मी सोबत गेलो. मागणी साधी होती. सैन्यातून परत आलेल्या माणसांसाठी आपल्या भागात सन्मानाची एक दफनभूमी असावी; ज्यांच्या घरी दहन करतात त्यांच्या रक्षेसाठी आणि ज्यांच्या घरी पुरतात त्यांच्या मातीसाठी एकच जागा असावी; आणि तेथे नावे कोरलेला एक दगड असावा. बैठकीत बौद्ध होते, आदिवासी होते, दोन ख्रिस्ती होते, कुणबीही होते. जातवार स्मशाने असलेल्या आपल्या मुलखात ही मागणी लहान नाही, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

एक स्थानिक पुढारी उठून म्हणाले, ‘सैनिकांच्या स्मारकाला कसली आली परवानगी आणि कसली सुनावणी? देशाचे काम आहे. पर्यावरण-बिर्यावरण सगळ्यातून सूट काढून देतो.’ टाळ्या पडल्या. मीही टाळी वाजविली. आप्पांनी वाजविली नाही. घरी येताना रिक्षात ते एवढेच म्हणाले, ‘मास्तर, आपल्याला सूट कुणी कधी दिली होती रे?’

ती टाळी मला पुढे बरेच दिवस टोचत राहिली. सूट ही चीज आपल्या भागात कशी आली, कोणाला मिळाली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे मी तेव्हापासून शोधू लागलो. त्यातले जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

सुरुवात तारापूरपासूनच करावी लागते. भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूरच्या अणुवीज केंद्राचा करार ८ ऑगस्ट १९६३ रोजी झाला. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडे काम गेले, आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्या दोन अणुभट्ट्यांची वीज नियमित सुरू झाली. माझे वडील त्या बांधकामावर एका ठेकेदाराकडे मजूर होते. घमेली वाहिली, सळ्या वाहिल्या. आपण काय बांधतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते. ‘लायटीचे काम’ एवढेच ते सांगत. वास्तविक ते ठाऊक करून देण्याचे बंधन कोणावरच नव्हते. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या १८ व्या कलमाने अशा केंद्रांविषयीची माहिती रोखून धरण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला होता. पर्यावरणाची तपासणी करावी असा कायदा तर देशात अस्तित्वातच नव्हता.

येथे तारखांची एक गंमत सांगतो. ज्या अमेरिकेने ही भट्टी दिली त्या अमेरिकेत, कोणताही मोठा सरकारी प्रकल्प उभारण्यापूर्वी त्याच्या परिणामांचा आढावा घेतलाच पाहिजे असे सांगणारा राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा १ जानेवारी १९७० रोजी अमलात आला. तारापूरची वीज सुरू होऊन तेव्हा पुरते दहा आठवडेही झाले नव्हते. त्यांच्या घरी हिशेब सुरू झाला, आणि आमच्या किनाऱ्यावरचे काम त्याच्या थोडे आधी उरकले गेले. यात कोणाचा कट होता असे मी म्हणत नाही. परंतु ज्याला बोलता येत नाही त्याच्या दारात गोष्टी नेहमीच नियमाच्या थोड्या आधी किंवा नियमाच्या थोड्या बाहेर घडतात, हा अनुभव दलितांना नवा नाही.

आपल्याकडे जमिनीच्या बाबतीत माणसाचे म्हणणे ऐकण्याची कल्पना तशी फार जुनी नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला किती, मोजणी बरोबर की चूक, एवढ्यावरच तक्रार करता येत असे. जमीन मुळात घ्यावी की नाही यावर बोलण्याचा हक्क ५-अ या कलमाने मिळाला, आणि ते कलम १९२३ साली घातले गेले. त्याच वर्षी मुंबई कायदे मंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. दोन्ही गोष्टींचा परस्परसंबंध नाही. परंतु मला त्या शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. कारण दोन्हींचे पुढे एकच झाले. बोल्यांचा ठराव गावोगावी कागदावर राहिला, आणि ५-अ ची सुनावणी १७ व्या कलमातल्या ‘निकडी’च्या नावाखाली वगळण्याची मुभा सरकारजवळ राहिली. निकड कोणती, हे निकड ज्याला आहे तोच ठरविणार! २०१३ च्या नव्या कायद्याने ही निकड देशाचे संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा आणि नैसर्गिक आपत्ती यांपुरती आखडली, हे खरे. तोवर नव्वद वर्षे गेली होती.

भोपाळला डिसेंबर १९८४ मध्ये वायू सुटला, माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली, आणि मग १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी प्रकल्पांच्या परिणामांचा आढावा घेणारी अधिसूचना निघाली आणि १९९७ साली जनसुनावणी सक्तीची झाली. म्हणजे तारापूरच्या पहिल्या भट्ट्या पेटल्यावर अठ्ठावीस वर्षांनी किनाऱ्यावरच्या माणसाला उठून बोलण्याची जागा मिळाली. या मधल्या काळात बोईसरचे काय झाले? भातशेते आणि गवताची कुरणे यांवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली. रसायने, औषधे, रंग, पोलाद, कापड. गावे तीच राहिली – सालवड, पास्थळ, कुंभवली, कोलवडे, पाम – पण त्यांच्या ओहोळांचे रंग बदलले. माझे विद्यार्थी वर्गात बसून वासावरून सांगत, ‘गुरुजी, आज अमुक कंपनीने सोडले.’ रसायनशास्त्र मी त्यांना शिकविले, त्याहून अधिक ते मला शिकवीत होते.

नंतर १४ सप्टेंबर २००६ ची नवी अधिसूचना आली. ती प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावयास हवी, विशेषतः जनसुनावणी कोणाला लागू नाही याची तिच्यातली यादी. त्या यादीतली दोन कलमे जणू आमचा तालुका समोर ठेवूनच लिहिली आहेत. पहिले : मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीच्या आत येणाऱ्या प्रकल्पांना जनसुनावणीची गरज नाही. दुसरे : राष्ट्रीय संरक्षण व सुरक्षा यांच्याशी संबंधित, किंवा केंद्र सरकार ज्यांना ‘सामरिक’ म्हणेल अशा प्रकल्पांना गरज नाही. बांधकाम प्रकल्पही सूट मिळालेल्यांत आहेत. आणि वीस हजार चौरस मीटरपेक्षा कमी बांधकाम असेल तर सुनावणीच काय, पर्यावरण मंजुरीही लागत नाही.

आता आमच्या दफनभूमीचा विचार करा. दफनभूमीत बांधकाम ते काय? एक भिंत, एक पडवी, एक दगड. म्हणजे कायद्याने तिला अशीही परवानगी लागत नव्हतीच. पुढारी जी सूट ‘काढून देतो’ म्हणत होते ती आधीच दिलेली होती. त्यांना फक्त श्रेय हवे होते! गंमत सोडा, मुद्दा असा की सूट देण्याला ‘देशाचे काम’ हे कारण पुरेसे मानले, की त्या कारणात पुढे काय काय बसते हे आपण बोईसरला उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ औद्योगिक पट्ट्यांचा एक प्रदूषण निर्देशांक काढते. सत्तरच्या वर गेले की तो पट्टा अतिप्रदूषित. २००९ साली तारापूरचा आकडा ७२.०१ होता. २०१८ साली तो ९३.६९ झाला, आणि त्या वर्षीच्या यादीत देशभरात सर्वांत वर तारापूरचे नाव लागले. हे सारे कारखाने वसाहतीच्या आत होते. भिंतीच्या आत सुनावणी नको, हे ठीक. पण सांडपाणी भिंतीच्या आत थांबत नाही. ते नवापूरजवळ समुद्रात जाते, आलेवाडी-नांदगावच्या किनाऱ्याला लागते, मुरबे-सातपाटीच्या खाडीत शिरते. त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात कोण गेले? अखिल भारतीय मांगेला समाज परिषद. म्हणजे ज्यांना प्रकल्पाआधी कोणी विचारले नाही, त्यांना प्रकल्पानंतर स्वतःच्या पदरचे पैसे घालून वकील लावावा लागला. सूट म्हणजे सुनावणी रद्द होणे नव्हे. सुनावणी मागाहून होते, आणि तिचा खर्च नुकसान झालेल्याने करावयाचा असतो.

अणुकेंद्राचा विस्तार झाला तेव्हाही हेच. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. हजाराहून अधिक कुटुंबे हलविली गेली. त्यांत मच्छीमार होते. मच्छीमाराला समुद्रापासून दूर घर देणे म्हणजे शेतकऱ्याला जमिनीपासून दूर नांगर देणे. चौथी भट्टी २००५ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये सुरू झाली. विस्थापितांचे अर्ज त्यानंतरही चालूच राहिले. गाव उठते तेव्हा घरांचा पंचनामा होतो, झाडांचा होतो, विहिरींचा होतो. पुरलेल्या माणसांचा रकाना मी पाहिलेल्या कोणत्याही पंचनाम्यात नव्हता.

स्मारकाला सूट, हा विषय महाराष्ट्रात कल्पनेतला नाही. मुंबईच्या अरबी समुद्रात छत्रपती शिवाजी महाराजांचे स्मारक उभारण्यासाठी फेब्रुवारी २०१५ मध्ये किनारा नियमन अधिसूचनेत खास दुरुस्ती झाली. समुद्रात स्मारके बांधण्यास अपवाद म्हणून वाट दिली गेली. जेथे पुनर्वसनाचा प्रश्न नाही किंवा जागा वस्तीपासून दूर आहे, तेथे जनसुनावणी वगळण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला. २०१९ च्या नव्या किनारा अधिसूचनेतही स्मारकांची वाट कायम राहिली. समुद्रात वस्ती नाही, हे कागदाला पटते. कोळ्याला पटत नाही. त्याची मासेमारीची जागा हीच त्याची वस्ती. डिसेंबर २०१६ मध्ये जलपूजन झाले, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम थांबविले. शिवाजी महाराजांच्या नावाचा आदर म्हणून जे घाईने केले त्याने त्या नावालाच कज्ज्यात ओढले. महाराजांच्या आरमारावर कोळी-भंडारी होते. त्यांच्या वंशजांना विचारून स्मारक झाले असते तर काय बिघडले असते?

याच्या उलट उदाहरणही आपल्याच चळवळीतले आहे. इंदू मिलची जागा बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळावी म्हणून लोकांनी वर्षानुवर्षे मागणी केली, ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते मिलच्या आत शिरून बसले, आणि डिसेंबर २०१२ मध्ये केंद्राने जमीन देण्याचे संसदेत जाहीर केले. ती जागा लोकांनी आवाज करून मिळविली. आता काही मित्र म्हणतील, ‘मास्तर, दीडशे वर्षे आम्हांला स्मारक नव्हते, आता आमची पाळी आली तेव्हा तुम्ही नियम सांगता!’ हा आक्षेप हलका नाही. त्याला उत्तर द्यावयाचे तर सैनिकांच्याच इतिहासात शिरले पाहिजे.

कोरेगाव भीमाच्या जयस्तंभावर ‘नाक’ प्रत्यय असलेली बावीस नावे कोरली आहेत. १ जानेवारी १८१८ ची ती लढाई. त्याच महारांची सैन्यभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्रजांनी बंद केली. लढवय्या जातींचा सिद्धांत पुढे केला. माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ साली मोडली. पुन्हा गरज पडली तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. गरजेपुरती भरती आणि गरज संपताच बाहेर, हीसुद्धा एक प्रकारची सूटच : समतेच्या नियमातून सरकारला मिळालेली.

मेल्यावर तरी समता? ब्रिटिशांनी १९१७ साली युद्धातील मृतांच्या कबरींसाठी आयोग नेमला. पद, वंश, धर्म काही न पाहता सर्वांना सारखा दगड, हे त्याचे तत्त्व. पुण्याजवळ खडकीला त्याची दफनभूमी आहे. रांगा सरळ, हिरवळ कापलेली. परंतु याच आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात कबूल केले की, पहिल्या महायुद्धातील निदान पंचेचाळीस हजार मृतांचे स्मरण असमानतेने केले गेले, आणि आणखी किमान एक लाख सोळा हजारांची नावे कोठेही कोरली गेली नाहीत किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही. हे मृत प्रामुख्याने आफ्रिका, इजिप्त आणि हिंदुस्थान येथले होते. अमेरिकेतही आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत यादवी युद्धातले काळे सैनिक वेगळ्या, २७ क्रमांकाच्या भागात पुरले आहेत. तेथल्या राष्ट्रीय दफनभूमींतला हा वर्णभेद संपायला १९४८ साल उजाडले. गावकुसाबाहेर जिवंत माणूस ठेवला जातो तसा मेलेलाही ठेवला जातो; देश कोणताही असो.

यातून मला जे दिसते ते असे. ज्याला कोणी विचारले नाही त्याचे नाव दगडावर येत नाही. नाव गाळणे आणि म्हणणे न ऐकणे ही एकाच सवयीची दोन रूपे आहेत. बाबासाहेबांनी ही सवय ओळखली होती. महाडचे चवदार तळे २० मार्च १९२७ रोजी त्यांनी चालून जाऊन मोकळे केले. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला तेव्हा विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. हजारो माणसे जमलेली. पाण्यापर्यंतची वाट मोकळी करणे अशक्य नव्हते. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला, मनुस्मृती जाळली, आणि दावा लढविला. मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. तो आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे! ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे सुनावणी. त्यांनी सूट मागितली नाही. सार्वजनिक पाणी कोणाचे, हे उघड्यावर, पुराव्यानिशी सिद्ध करून घेतले. मला महाडचा लढा हा या देशातला पर्यावरणाचा पहिल्या फळीतला लढा वाटतो. आपण त्याला ते नाव दिले नाही एवढेच.

अर्थात सुनावणी हे काही जादूचे औषध नव्हे. आमच्या जिल्ह्यात दोन्ही तऱ्हा झाल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. १९९८ साली वाढवण बंदराचा पहिला प्रस्ताव त्या प्राधिकरणाने नाकारला. मच्छीमार आणि बागायतदार यांचे म्हणणे ऐकून नाकारला. धर्माधिकारी २०१९ साली वारले. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने नव्या वाढवण बंदराला होकार दिला, जानेवारी २०२४ मध्ये पालघरला जनसुनावणी झाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणीही झाली. मूळ अहवाल इंग्रजीत, जाडजूड, मराठीत सारांश, बाहेर बंदोबस्त. अशी सुनावणी पाहिली की सामान्य माणूस म्हणतो, याहून सूट बरी, निदान नाटक तरी नाही. मी तसे म्हणणार नाही. नाटकातही बोललेले शब्द कागदावर उतरतात, आणि कागद पुढे कोर्टात उभा राहतो. न बोललेल्याला कागदही नाही.

आता पुन्हा आमच्या दफनभूमीकडे येतो. पुढाऱ्यांनी जागा सुचविली ती एका गावाची गुरचरण, ओहोळाच्या वरच्या अंगाला, चारेक एकर. कागदावर मोकळी. दुसऱ्या आठवड्यात आप्पांनी मला तेथे नेले. पाहतो तो कातकऱ्यांच्या पाड्यातले मृत तेथेच पुरलेले. उशाला ओळीने गोटे, एकावर मातीचे बोळके. एका कोपऱ्यात आमच्या लोकांची लहान मुलेही आहेत. त्यात माझ्या एका चुलत बहिणीचे बाळ आहे, हे मला साठीनंतर कळले. खालच्या अंगाला पाड्याची विहीर. वाळूमिश्र जमीन, पावसाळ्यात पाणी हातभर खाली. अशा जागी मोठी दफनभूमी केली तर विहिरीचे काय होईल, हे विचारायला शास्त्रज्ञ लागत नाही. आणि विचारलेच तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली नेमक्या याच विषयावर अहवाल काढलेला आहे.

म्हणजे आम्ही दफनभूमी उभारण्यासाठी दफनभूमी काढून घेणार होतो. तीही आमच्याहून खालच्या पायरीवर बसविलेल्यांची. आणि नियमाला धरून! मी त्या दगडांपाशी उभा राहून माझी टाळी आठवली.

पालघर तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा असे १९९६ चा पेसा कायदा सांगतो. गुरचरण ही सरकारी जमीन, ‘घेण्या’चा प्रश्न नाही, असे आम्हांला कार्यालयात ऐकविले गेले. पुढच्या बैठकीत आप्पा उठले. त्यांना भाषण येत नसे. म्हणाले, ‘आम्ही हुकूम घेऊन लढलो. ती पलटण होती. इथे पाडा आहे. पाड्याला आधी विचारा. नाही म्हणाले तर माझी राख घरात ठेवा.’ दोघे माजी सैनिक रागावून निघून गेले. एक तर मोठ्याने म्हणाला की, आपलेच लोक आपल्याला खाली ओढतात. त्याचा राग मला समजत होता.

पाड्यावर सभा भरली ती मारुतीच्या देवळासमोर नव्हे, आंब्याखाली. देवळासमोर सर्वांना बसता आले नसते. सत्तरीच्या एका बाईने कोणता गोटा कोणाचा ते ओळीने सांगितले. आम्ही बत्तीस नावे वहीत उतरवून घेतली. त्यांचे म्हणणे दोन तास चालले. त्यांनी वरची जागा नाकारली आणि रस्त्यालगतची, विहिरीपासून लांबची अर्धा एकर दाखविली. त्यांची एक अट होती : दगडावर सैनिकांची नावे कोरा, पण मागच्या बाजूला ही बत्तीस नावेही कोरा. सैनिकांत यावर पुन्हा वाद झाला. सैनिक नसलेल्यांची नावे सैनिकांच्या दगडावर कशी, असा प्रश्न निघाला. अखेर बहुमताने अट मान्य झाली. अकरा विरुद्ध सात.

आप्पा त्या पावसाळ्यातच गेले. त्यांच्या रक्षेचा कलश घरात फळीवर आहे. जागेच्या मोजणीचा अर्ज, ठरावाची प्रत आणि बत्तीस नावांची यादी तालुक्याच्या कार्यालयात दिली आहे. मोजणीची तारीख अजून लागलेली नाही.